पॅनोरमाच्या आकाशात पट्टे का पडतात आणि कलर करेक्शन कुठलं लावायचं

प्रश्न थोडक्यात असा. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या माथ्यावरून, सूर्य मावळायच्या तासभर आधी, कड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ फोटो घेतले. ऍपर्चर प्रायॉरिटी (ऍपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोलही कॅमेराच ठरवतो), जेपेग. हगिन या फोटो जोडून पॅनोरमा बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडल्यावर आकाशात उभे पट्टे दिसतात. कलर करेक्शन चालू केलं की पट्टे कमी होतात, पण कड्याची डावी बाजू निळसर आणि उजवी पिवळट होते. बंद केलं की पट्टे परत हजर. मग सेटिंग कुठलं ठेवायचं?

सेटिंगकडे वळण्याआधी तुमच्या फोटोंमधले दोन फरक वेगळे करा, कारण निम्मे लोक इथेच घसरतात. पहिला फरक खऱ्या प्रकाशाचा. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, आत वळलेला आहे. संध्याकाळी मधल्या फ्रेममध्ये सूर्य, त्याच्या भोवतीचं आकाश पांढुरकं, खाली कोकणातला धुरकट उजेड; दोन्ही टोकांना आकाश गडद निळं आणि कातळावर तांबूस ऊन. हा फरक तिथे होताच, त्यासाठीच तर तुम्ही एवढं चढून गेलात. दुसरा फरक ओव्हरलॅपमधला. शेजारच्या दोन फ्रेममध्ये तोच कातळ आणि तेच आकाश आलेलं असतं. ते दोन्हीकडे सारखं दिसायला हवं. तसं दिसत नसेल तर बदललेला आहे तो कॅमेरा. जागेवरचा उजेड आहे तसाच आहे. स्टिचिंगमधल्या कलर करेक्शनचं काम फक्त हा दुसरा फरक मिटवणं. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र उघडून ‘चांगली दिसेपर्यंत’ व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर हलवणारे पहिलाच फरक पुसून टाकतात, आणि त्या नादात ओव्हरलॅपमध्ये नवे फरक तयार करतात.

आता हा दुसरा फरक येतो कुठून? तुमच्या बाबतीत निदान तीन ठिकाणांहून.

ऍपर्चर प्रायॉरिटीत प्रत्येक फ्रेमचं एक्स्पोजर कॅमेऱ्याने नव्याने ठरवलं. सूर्य असलेल्या फ्रेमला शटर खूप जलद, कातळाने भरलेल्या फ्रेमला बरंच संथ. अशा दृश्यात दोघांमध्ये तीन-चार स्टॉपचं अंतर सहज पडतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). हा फरक मोजायला सगळ्यात सोपा, कारण शटर, ऍपर्चर आणि आयएसओचे आकडे फोटोच्या एक्झिफमध्येच, म्हणजे फाइलसोबत साठवलेल्या माहितीत, असतात आणि हगिन ते वाचतं. ऑटो व्हाइट बॅलन्सचं तसं नाही. कातळाची फ्रेम तांबूस दिसली की कॅमेरा तिला थंड करायला बघतो, निळ्या आकाशाची फ्रेम ऊबदार करतो. प्रत्येक फ्रेमला किती ढकललं हे सॉफ्टवेअरला अंदाजानेच शोधावं लागतं.

तिसरा गुन्हेगार विग्नेटिंग. तोच सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते पट्ट्यांचं सर्वांत मोठं कारण. लेन्सच्या मध्यापेक्षा कडेला उजेड कमी पोचतो. साध्या वाइड अँगल लेन्ससाठी पाठ्यपुस्तकी नियम असा की, मध्यरेषेपासूनच्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने उजेड घटतो. ३० अंशांवर तो सुमारे ५६ टक्के उरतो, ४५ अंशांवर २५ टक्के, म्हणजे सरळ दोन स्टॉप गेले. प्रत्यक्षातल्या लेन्स यापेक्षा बऱ्या किंवा वाईट असू शकतात, शिवाय ऍपर्चर पूर्ण उघडं असेल तर लेन्सच्या नळीची सावली वेगळीच. एकट्या फोटोत हे डोळ्याला जाणवतही नाही. ११ फोटो शेजारी लावले की प्रत्येक फ्रेमचा मध्य उजळ आणि प्रत्येक सांधा काळपट, अशा आकाशभर लाटा दिसतात.

यातली गंमत अशी की, नुसतं ‘एक्स्पोजर जुळवा’ म्हटल्याने या लाटा जात नाहीत. का ते बघा. दोन शेजारच्या फ्रेमचं एक्स्पोजर अगदी सारखं आहे असं समजा. ओव्हरलॅपमध्ये डावीकडच्या फ्रेमचा उजवा काठ येतो आणि उजवीकडच्या फ्रेमचा डावा काठ. एक फ्रेम या पट्ट्यात उजळाकडून काळपटाकडे जाते, दुसरी काळपटाकडून उजळाकडे. दोघींची सरासरी सारखीच! सॉफ्टवेअर सरासरी बघतं, दोन्हीला एकच गुणक देतं, आणि पट्टा जिथल्या तिथे. उलट अशा वेळी जोर करून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मोकळं सोडलं, तर सॉफ्टवेअर विग्नेटिंगची चूक या दोन आकड्यांत कोंबू पाहतं. तुमचा ‘डावीकडे निळं, उजवीकडे पिवळं’ हा प्रकार मला तसलाच वाटतो. प्रत्येक सांध्यावर थोडीशी चूक, ती एकाच दिशेला, आणि ११ फ्रेम ओलांडेपर्यंत ती डोळ्यात भरण्याइतकी साठते. पूर्ण ३६० अंशांच्या पॅनोरमात शेवटची फ्रेम पहिलीला येऊन भिडते, त्यामुळे चुकीला फार भटकता येत नाही. तुमचा पॅनोरमा दोन्ही टोकांना उघडा आहे, तिथे आवरायला कोणी नाही.

तर हातातल्या फोटोंचं आता काय करायचं ते सांगतो.

आधी भूमिती पक्की करा. कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन फ्रेममधले जुळणारे बिंदू, साफ करा, अलाइनमेंट नीट बसू द्या. रंगाचा हिशेब ओव्हरलॅपमधल्या त्याच त्या बिंदूंची तुलना करून होतो. जोड पाच-दहा पिक्सेलने सरकलेला असेल तर कड्याच्या काठावर कातळाची तुलना आकाशाशी होते आणि येणारे आकडे निरर्थक असतात. भूमिती कच्ची असताना रंगाला हात लावूच नका.

मग हगिनच्या इंटरफेस मेन्यूतून ‘एक्स्पर्ट’ निवडा. फोटोंच्या टॅबमध्ये खाली भूमितीच्या ऑप्टिमायझेशनशेजारी फोटोमेट्रिकची, म्हणजे उजेड आणि रंग जुळवण्याची, यादी दिसेल. तिच्यात साधारण दोन जोड्या आहेत: ‘लो डायनॅमिक रेंज’, आणि त्याचाच व्हाइट बॅलन्स मोकळा सोडणारा भाऊ; ‘हाय डायनॅमिक रेंज, फिक्स्ड एक्स्पोजर’, आणि पुन्हा व्हाइट बॅलन्स मोकळा सोडणारा दुसरा. शेवटी ‘कस्टम’. पहिल्या जोडीत प्रत्येक फ्रेमचं एक्स्पोजर सॉफ्टवेअर शोधतं. दुसऱ्या जोडीत ते एक्झिफवर विश्वास ठेवून तसंच ठेवतं आणि विग्नेटिंग व कॅमेऱ्याची प्रतिसाद-वक्ररेषा (किती उजेडाला फोटोत किती उजळ आकडा मिळतो ते सांगणारी) तेवढी शोधतं.

तुमच्यासाठी मी थेट ‘कस्टम’ घेईन आणि टप्प्याटप्प्याने जाईन. कस्टम निवडलं की एक्स्पोजरची वेगळी टॅब उघडते. पहिल्या फेरीत एक्स्पोजर एक्झिफप्रमाणे ठेवा, व्हाइट बॅलन्स बंद, फक्त विग्नेटिंग आणि प्रतिसाद-वक्ररेषा शोधू द्या. विग्नेटिंगची बहुपदी, म्हणजे कडेला उजेड किती घटतो त्याचं सूत्र, सगळ्या फ्रेमना सामाईक असते, कारण लेन्स एकच. म्हणजे ११ फ्रेम मिळून तीन आकडे ठरवतात, त्यामुळे उत्तर भरवशाचं येतं. प्रतिसाद-वक्ररेषा जेपेगसाठी लागते. कॅमेऱ्याने जेपेग बनवताना सावल्या आणि हायलाइट वाकवलेले असतात, त्यामुळे एका स्टॉपचा फरक सावलीत वेगळा दिसतो आणि आकाशात वेगळा. एकच गुणक दोन्हीकडे चालत नाही. हगिन ही वक्ररेषा पाच आकड्यांत मांडतं. ग्रॉसबर्ग आणि नायर या संशोधकांनी २०१ वेगवेगळ्या प्रतिसाद-वक्ररेषा गोळा करून त्यांवरून जे मॉडेल बसवलं, त्याचेच ते पहिले पाच घटक.

दुसऱ्या फेरीत एक्स्पोजर मोकळं करा. आकडे एक्झिफपासून स्टॉपच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने हलले तर ठीक. एखादी फ्रेम अर्ध्या-एका स्टॉपने उडाली तर तिथे दुसरंच काही बिघडलेलं आहे. थांबा आणि त्या फ्रेमकडे बघा. तिसऱ्या फेरीत लाल आणि निळा गुणक मोकळा करा. तुम्ही ऑटो व्हाइट बॅलन्सवर शूट केलंय, म्हणून ही फेरी तुम्हाला टाळता येणार नाही. व्हाइट बॅलन्स कायम ठेवून शूट केलेल्या माणसाला मी ही फेरी करू नका असं सांगेन. जो फरक झालेलाच नाही तो शोधायला लावलं, तर सॉफ्टवेअर तो कुठून तरी शोधून आणतंच.

या सगळ्यात अँकर फ्रेम कुठली हे महत्त्वाचं. बाकीच्या फ्रेमचा रंग तिच्या आधाराने ठरतो. हगिनमध्ये स्थानाचा अँकर वेगळा आणि एक्स्पोजरचा वेगळा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. टोकाची फ्रेम अँकर असेल तर चूक सगळ्या रुंदीभर साठत जाते, म्हणून अँकर मधला हवा. पण तुमच्या अगदी मधल्या फ्रेममध्ये सूर्य आहे, ती चालणार नाही. तिच्या एक-दोन घरं बाजूची, जिच्यात उन्हातला कातळ आणि न फाटलेलं आकाश दोन्ही आहे, ती घ्या.

न फाटलेलं म्हणतोय ते मुद्दाम. कातळाच्या फ्रेममध्ये कॅमेऱ्याने शटर संथ केलं, तेव्हा वरचं आकाश २५५ वर, म्हणजे जेपेगमधल्या सर्वांत उजळ आकड्यावर, जाऊन चिकटलं असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर दोन गोष्टी होतात. एक, खरा फरक दोन स्टॉपचा असला तरी दोन्हीकडे पांढराच दिसतो आणि हिशेब चुकतो. दोन, करेक्शनने ती फ्रेम खाली आणली की पांढरं आकाश निळं होत नाही, राखाडी होतं. निळ्या आकाशात एक निर्जीव राखाडी ठिगळ दिसत असेल तर ते हेच. त्यावर कुठलंही सेटिंग नाही. मास्कच्या टॅबमध्ये जाऊन त्या फ्रेममधलं आकाश वगळा आणि शेजारच्या फ्रेममधून ते भरून घ्या. ओव्हरलॅप पुरेसा असेल तर जमतं, नसेल तर नाही.

याच्या अगदी उलट गत सूर्याच्या फ्रेमची. तिच्यातला कातळ तीन-चार स्टॉप अंधारात आहे. ८ बिट जेपेगमधून तो एवढा वर ओढला की नॉइज आणि चौकोनी ठोकळेच वर येतात. इथेही मास्क लावून कातळ शेजारच्या फ्रेममधून घ्यावा. सूर्याच्या फ्रेमचं आणखी एक दुखणं म्हणजे फ्लेअर. लेन्समध्ये थेट ऊन शिरलं की सगळ्या फ्रेमवर पातळ पांढुरकी साय येते. ती बेरजेने येते, गुणाकाराने नाही. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हे दोन्ही गुणाकार आहेत, म्हणून त्यांनी ती साय निघत नाही. आकाश जुळवलं तर सावल्या फिक्या राहतात, सावल्या जुळवल्या तर आकाश काळवंडतं. पीटीगुई या दुसऱ्या स्टिचिंग सॉफ्टवेअरमध्ये फ्लेअरसाठी वेगळा पर्याय आहे आणि तो अशाच वेळी उघडायचा.

जमलं की नाही हे ब्लेंड झालेल्या अंतिम चित्रावर तपासू नका. फास्ट प्रिव्ह्यूमध्ये ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करा. ओव्हरलॅप जिथे जुळला तिथे काळं दिसतं, जिथे नाही तिथे रंग उजळतो. हा खरा निकाल. एनब्लेंडसारखी ब्लेंडर, म्हणजे सांधे एकमेकांत मिसळणारी साधनं, बर्ट आणि एडलसन यांच्या १९८३च्या पद्धतीवर चालतात: बारीक तपशील अरुंद पट्ट्यात मिसळायचा, मोठे सावकाश बदल रुंद पट्ट्यात. पद्धत अप्रतिम आहे. पण करेक्शन न करता सगळा भार ब्लेंडरवर टाकणं म्हणजे ओल तशीच ठेवून वरून डिस्टेंपर मारणं. सांधा दिसत नाही, पण मूळचा ठळक पट्टा आकाशभर पसरट डाग होऊन राहतो आणि मोठ्या प्रिंटवर उघडा पडतो.

शेवटी आउटपुट ‘एक्स्पोजर करेक्टेड, लो डायनॅमिक रेंज’ घ्या. प्रिव्ह्यूमधला ईव्ही, म्हणजे एक्स्पोजरचा, आकडा तपासा. तुमच्या फ्रेमच्या ईव्हीत मोठं अंतर असल्यामुळे हगिनने धरलेला आकडा बऱ्याचदा एका बाजूला झुकतो. तो अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने हलवून संपूर्ण चित्राचा उजेड तुम्ही स्वतः ठरवा.

हे झालं असलेल्या फोटोंचं. पुढच्या वेळी कड्यावर गेलात की यातलं बरंचसं करावंच लागणार नाही.

कॅमेरा मॅन्युअलवर. सूर्याचं बिंब सोडून आकाशाचा सर्वांत उजळ भाग बघा, तो हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) उजव्या भिंतीला टेकणार नाही असं एक्स्पोजर धरा, आणि पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत त्याला हात लावू नका. त्या वेळी एफ/८, आयएसओ १००, शटर १/२५०च्या आसपास, इथून सुरुवात करून बघता येईल. टोकाच्या फ्रेम मागच्या स्क्रीनवर अंधाऱ्या दिसतील. दिसू द्या. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, शूट करत असाल तर त्या सावल्या उचलता येतात. फाटलेलं आकाश शिवता येत नाही. व्हाइट बॅलन्स डेलाइट किंवा ५२०० केल्विन, काहीही, पण एकच. रॉमध्ये तो नंतर बदलता येतो हे खरं, तरी ऑटो ठेवलात तर प्रत्येक फाइल वेगळा आकडा घेऊन उघडते आणि सगळ्यांना एक आकडा द्यायला कोणीतरी विसरतंच. फोकस एकदा करून मॅन्युअल. कॅननचं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, निकॉनचं ऍक्टिव्ह डी-लायटिंग, सोनीचं डीआरओ बंद. ही मंडळी प्रत्येक फ्रेमच्या सावल्या वेगवेगळ्या उचलतात, आणि तो फरक कुठल्याही एका गुणकात किंवा एका वक्ररेषेत बसत नाही.

कॅमेरा उभा धरा, फार वाइड जाऊ नका. फुल फ्रेमवर २४ मिमी उभा धरला तर फ्रेमच्या बाजूच्या काठाच्या मध्याशी त्या कोसाइनच्या नियमाने दोन-तृतीयांश स्टॉपच्या आसपास घट होते, ५० मिमीवर जेमतेम एक-षष्ठांश. फोटो जास्त काढावे लागतात, पण आकाश स्वच्छ येतं. ओव्हरलॅप तीस टक्क्यांच्या खाली नको.

पोलरायझर (ध्रुवीकृत उजेड अडवणारा फिल्टर) काढून ठेवा, आणि याला अपवाद नाही. आकाशाचं ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतं. फिल्टर लावून १८० अंश फिरलात की दोन्ही टोकांना गडद निळा पट्टा आणि मध्ये फिकं आकाश येतं. हा फरक ओव्हरलॅपमध्ये दोन्ही फ्रेमना जवळपास सारखाच दिसतो, म्हणून कलर करेक्शनच्या दृष्टीने तो ‘खरा’ आहे आणि ते त्याला हात लावत नाही. व्हेरिएबल एनडी फिल्टर (फिरवून उजेड कमी-जास्त अडवणारा) म्हणजे आत दोन पोलरायझरच, तोही नको.

ऊन उतरत असताना शूट करत असाल तर एक वेगळी भर. डावीकडून उजवीकडे जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली तर उजेड खरोखर कमी झालेला असतो, ढगाची सावली सरकलेली असते. तरीही कॅमेऱ्यावर एक्स्पोजर बदलू नका. पटकन एका दमात ओळ पूर्ण करा, आणि स्टिच करताना फक्त एक्स्पोजर मोकळं सोडा. इथे ते न्याय्य आहे, कारण कॅमेरा स्थिर असूनही ओव्हरलॅपमधला तोच कातळ खरोखर वेगळा उजळलाय. सूर्य क्षितिजाला टेकल्यावर रंगही मिनिटागणिक बदलतो, तेव्हा व्हाइट बॅलन्सही सोडायला हरकत नाही. सावली सरकल्यामुळे पडलेला फरक मात्र मास्कनेच सुटतो.

एका एक्स्पोजरमध्ये दृश्य मावतच नसेल तर ब्रॅकेट करा: प्रत्येक जागी तीन फ्रेम, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने, आणि सगळ्या जागी तेच तीन आकडे. प्रत्येक जागेच्या तीन फ्रेम आधीच एकत्र करून (एचडीआर) आणि त्यातला उजेड-अंधार स्क्रीनवर मावेल असा दाबून (टोन मॅपिंग) तयार केलेल्या फाइल जोडू नका. टोन मॅपिंग फ्रेममध्ये काय आहे ते बघून ठरतं. सूर्याच्या फ्रेमला एक न्याय, कातळाच्या फ्रेमला दुसरा. आधी जोडा, टोन नंतर.

हाच नियम लाइटरूमच्या स्लायडरना. शॅडोज, हायलाइट्स, क्लॅरिटी, डीहेझ हे फोटोत काय आहे ते बघून काम करतात. तेच आकडे ११ फ्रेमना सिंक केले तरी प्रत्येक फ्रेममध्ये परिणाम वेगळा होतो. डीहेझ तर कोकणातल्या धुरकट हवेवर प्रत्येक सांधा कोरून दाखवतं. लाइटरूममध्येच मर्ज करत असाल तर रॉ फाइली तशाच जोडा आणि तयार होणाऱ्या डीएनजी (रॉसारख्या) फाइलवर हवे ते स्लायडर फिरवा. हगिनकडे पाठवायचं असेल तर लेन्स प्रोफाइलने विग्नेटिंग काढा, एकच व्हाइट बॅलन्स द्या, बाकी सगळं शून्यावर, आणि १६ बिट टिफ काढा. मग हगिनमध्ये विग्नेटिंग पुन्हा शोधू देऊ नका, दोनदा काढलं की सांधे काळे व्हायच्या ऐवजी उजळ होतात. फोटोशॉपच्या फोटोमर्जमध्ये ‘विग्नेट रिमूव्हल’ची टिक आहे, तिलाही हेच लागू.

ओपनसीव्ही या प्रोग्रॅमिंग लायब्ररीने स्वतः कोड लिहून जोडणाऱ्यांसाठी एक टीप, कारण हा प्रश्न तिकडूनही येतो. तिथलं साधं गेन कॉम्पेन्सेशन ब्राउन आणि लो यांच्या २००७च्या लेखातल्या पद्धतीचं आहे. प्रत्येक फ्रेमला एक गुणक, आणि ते गुणक एकच्या जवळ राहावेत अशी सूत्रातच अट. ती अट नसती तर गणिताने सरळ सगळ्या फ्रेम काळ्या करून ‘फरक शून्य’ असं उत्तर दिलं असतं. एका फ्रेमला एकच गुणक म्हणून विग्नेटिंगपुढे ते हतबल आहे. फ्रेमचे छोटे चौकोन करून प्रत्येकाला गुणक देणारा ब्लॉक्स गेनचा पर्याय लाटा बऱ्याच कमी करतो, पण सूर्याच्या फ्लेअरलाही एक्स्पोजर समजून तो स्थानिक डाग पाडू शकतो. मी आधी लेन्सचं विग्नेटिंग मोजून काढीन आणि मग साधं गेन लावीन.

तुमच्या ११ फ्रेमपैकी पहिल्या फेरीनंतरच ‘डिफरन्स’मध्ये आकाश जवळपास काळं झालं, तर तिसऱ्या फेरीत लाल-निळ्या गुणकांना फार हलू देऊ नका. टोकाच्या दोन फ्रेमचे गुणक तपासा. डावीकडे निळा सतत वाढत आणि उजवीकडे सतत घटत गेलेला दिसला, तर सगळे आकडे रीसेट करा, सूर्याच्या फ्रेमला आकाशापुरता मास्क लावा आणि अँकर बदलून तीच फेरी पुन्हा चालवा.